गणवेश नसलेले मावळे

बोईसरच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र आणि मी मिळून दहा वर्षं सुट्टीच्या दिवशी हौसेनं बोटाएवढे शिशाचे सैनिक ओतून रंगवले. काळ ठरलेला होता, शिवकाळ. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडतच आम्ही दोघं वाढलो होतो. सैनिक त्याच्या कपाटात असत आणि यादी माझ्या वहीत: मावळा सतरा, पागोटं तांबडं, ढाल पाठीवर. चाळिसांत एकासारखा दुसरा नव्हता.

एकदा मी आठवडाभर दातिवऱ्याला गावी गेलो. परत आलो तर कपाटात निळ्या डगल्यांची फ्रेंच पलटण उभी होती. मला न विचारता त्याने मुंबईच्या एका संग्राहकाशी अदलाबदल केली होती.

"अरे, चाळीसच्या चाळीस दिलेस?"

"रागावतोस काय! मावळ्यांना गणवेश नाय. रांगेत उभे केले तरी बाजाराला निघाल्यासारखे दिसतात. ही बघ, कशी फौज वाटते!"

संग्राहकांना गणवेशाच्या फौजांचे काळ का आवडतात, ते मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन वहीतल्या चाळीसही नोंदींपुढे मी 'गेला' असं लिहायला घेतलं. सतराव्यापाशी हात थांबला. ते तांबडं पागोटं मित्रानेच रंगवलं होतं.