नाकाक इचार

खुर्चीवर बसण्याआधी ते खिशातून घडीचा रुमाल काढायचे, खुर्ची दोनदा झटकायचे आणि मग वाकून तिचा वास घ्यायचे. हो, खुर्चीचा. समाधान झालं तर बसायचे, नाहीतर सगळं बोलणं उभ्यानेच. मला हसू आलं की म्हणायचे, "डोळे फसतत गो बाय, नाक फसणा नाय. नाकाक इचार."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. लग्नाच्या पंगतीत पान पुन्हा धुऊन घेणारा, दुसऱ्याच्या घरी पाण्याचा पेला उजेडात धरून बघणारा. अशी माणसं सहसा कुणाला आवडत नाहीत. मला हे आवडायचे, कारण मीही तशीच नाक मुरडणारी. आम्ही मालाडला एकाच चाळीत राहायचो आणि एकाच ठिकाणी नोकरीला होतो. ते बोटीवर बटलर, म्हणजे प्रवाशांच्या खाण्या-झोपण्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. मी अंधेरीच्या ऑफिसात टायपिंग आणि बुकिंग करायची. नाव सांगत नाही. चाळीत सगळे त्यांना बटलरकाका म्हणायचे, तेवढं पुरे.

ऑफिस फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर होतं. रंगीत टीव्ही घराघरांत यायला लागले होते आणि मध्यमवर्गाला मजा करायची हौस सुटली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. मालकाने कुठूनशी एक छोटी, जुनी बोट घेतली होती. पूर्वी ती माल वाहायची. त्याने गंजावर पांढरा रंग फासला, आत लाल गालिचा टाकला, रेक्झिनचे कोच आणि व्हिडिओ बसवला आणि 'सागरी सहल' सुरू केली. शनिवारी संध्याकाळी धक्क्यावरून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं, सोमवारी सकाळी परत. पत्रकावर मालकाने माझ्याकडून टाइप करून घेतलं होतं, 'छोटी बोट, अगदी घरच्यासारखी'.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून माणसं यायची. शिकलेली, नोकरीवाली, पोराबाळांची. तासतास चौकशी करायची. गरम पाणी मिळेल ना? जैन जेवण वेगळं शिजतं ना? उशा स्वच्छ असतात ना? पिक्चर कोणता दाखवणार? पण ही बोट किती जुनी आहे, समुद्रात काही झालं तर काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही. भाजी घेताना वांगं उलटंपालटं करून बघणारी ही माणसं. मला त्या कामाची किळस आली ती तिथेच.

काकांना मात्र वेगळ्याच गोष्टींची किळस होती. ऑफिसातल्या कपातून त्यांनी कधी चहा घेतला नाही. स्वतःचा कप रुमालात बांधून आणायचे, धुऊन परत रुमालात बांधायचे. एकदा बोटीवर नाश्त्याचे पोहे आले. त्यांनी झाकण उचललं, वास घेतला आणि अख्खं पातेलं परत पाठवलं. आचारी म्हणाला, "काका, ताजे आहेत, आत्ता उतरवलेत." ते म्हणाले, "पोहे ताजे असत. तुझा फडका शिळा आसा." आणि खरोखरच आचाऱ्याच्या खांद्यावरचं फडकं आंबलेलं होतं. चादरीचा वास, अभ्र्याचा वास, पाण्याच्या भांड्याचा वास, सगळीकडे आधी ते नाक पाठवायचे. त्यांच्यामुळे तक्रारी कमी झाल्या आणि मालक त्यांच्यावर खूश होता.

एकाच गोष्टीपुढे त्यांनी हात टेकले होते. जाकिटं. म्हणजे बोट बुडायला लागली तर अंगात घालायची ती नारिंगी लाइफ जॅकेटं. आमच्या प्रवाशांना ती कशासाठी असतात हे कळत नव्हतं असं नाही. पण रात्री डेकवर वाऱ्याला झोपायचं तर डोक्याखाली काहीतरी हवं, म्हणून ती उशीला घ्यायची. खोबरेल तेल, पोरांच्या ओकाऱ्या, समुद्राची ओल, सगळं वर्षानुवर्षं त्यांत मुरलेलं. काका बोटांच्या चिमटीत एखादं धरून मला दाखवायचे. "शी गो बाय! ह्येच्यार माणूस टेकतलो?"

मग एका बाईंच्या मुलीच्या गालावर पुरळ उठलं आणि त्या ऑफिसात येऊन भांडल्या. मालक काकांना म्हणाला, "बटलर, काहीतरी करा यार. धुऊन घ्या, शिवून घ्या, पण मऊ आणि स्वच्छ पाहिजेत."

गणपती झाले होते, ऊन चांगलं तापत होतं. काकांनी सगळी जाकिटं टेम्पोत घालून चाळीत आणली. बायकांनी उसवली, सोड्याच्या पाण्यात कव्हरं उकळली, गच्चीभर नारिंगी चौकोन वाळत पडले. आतून पिवळट, गोळे झालेला कापूस निघाला. त्याचा वास मला अजून आठवतो. काकांनी तो नाकाशी नेला आणि त्यांना उमासाच आला. बाजाराच्या टोकाला एक पिंजारी बसायचा, त्याला बोलावलं. त्याने चिमूट हातात घेऊन पाहिली. "ये नहीं धुनकेगा साब. फेंक दो." काकांनी फेकला. सगळी घाण कचऱ्याच्या गाडीत गेली, पुढे देवनारच्या कचराडेपोत गेली असेल. पिंजाऱ्याने नवा पांढराशुभ्र कापूस पिंजला, बायकांनी तो भरला, काकांनी स्वतः बसून बंद शिवले. शेवटचं जाकीट त्यांनी माझ्या तोंडापुढे धरलं. "आता बघ कसो वास येता. नाकाक इचार." उन्हाचा, साबणाचा, कोऱ्या कापसाचा वास होता. मी म्हटलं, "झकास, काका."

पावसाळ्यात बंद असलेल्या फेऱ्या दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झाल्या. तपासणीला आलेले साहेब जाकिटं मोजून गेले. प्रवाशांनी तर कौतुकच केलं. काय मऊ, काय स्वच्छ! मालकाने काकांना सोनेरी बटणांचा पांढरा कोट शिवला. ते चाळीत तो घालून फिरले नाहीत, पण दोरीवर वाळत घालताना तो सगळ्यांना दिसेल असा घालायचे.

दिवाळीतल्या शनिवारची सकाळ. आदल्या फेरीत कुणी एका जाकिटावर ओकलं होतं, म्हणून काकांनी ते घरी आणलं होतं. काकूंनी ते चाळीच्या हौदात भिजत टाकलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी बादली घेऊन गेले तेव्हा त्या हौदात हात घालून चाचपडत होत्या. "ज्याकीट खंय गेलां गो?"

ते तळाशी होतं. काका दात घासत आले, दंडापर्यंत हात घालून ओढू लागले, पण येईना. शेवटी आम्ही तिघांनी मिळून ते काठावर घेतलं. पाण्याच्या धारा लागल्या होत्या. काका हौदाच्या काठावर बसले. काठ ओला होता, शेवाळलेला होता. त्यांनी तो पुसला नाही, वास घेतला नाही, नुसतेच बसले. तेव्हा मला भीती वाटली.

"सावर होती गो ती," ते म्हणाले. "मीच टाकून दिलंय."

जुन्या जाकिटांत होता त्या सावरीच्या कापसात पाणी शिरत नाही. त्यांच्या गावी घराघरांत सावरीच्या उशा होत्या, परसात सावरीचं झाड होतं. लहानपणी सुके नारळ कमरेला बांधून ते खाडीत पोहायला शिकले होते. काय तरंगतं नि काय बुडतं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. पण वास आला आणि पुढचं काही त्यांना दिसलंच नाही. साधा कापूस पाणी पितो. दसऱ्यापासूनच्या प्रत्येक फेरीत माणसं ती मऊ जाकिटं उशाला घेऊन झोपली होती.

ओलं जाकीट पिशवीत घालून आम्ही दोघं बसने अंधेरीला गेलो. मालक पापडी खात होता. काकांनी जाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. "आजची फेरी रद्द करा," म्हणाले.

मालकाने चटणीची बोटं चाटली. "बोट बुडतेय काय?"

"नाही. पण बुडाली तर?"

"कोण घालतो ती? डोक्याखाली घेतात. आणि भरली कुणी, मी? तू भरलीस ना? मग लोकांना काय सांगणार, बटलरने बुडवलं म्हणून? दिवाळी जाऊ दे, मग बघू." एवढं बोलून त्याने दुसरी पापडी घेतली. तो काही राक्षस नव्हता, बरं का. पोरांना दिवाळीत फटाके वाटायचा. पण ती चाटलेली बोटं आठवली की मला आजही अन्न गोड लागत नाही.

काका जाकीट परत पिशवीत घालून निघाले. संध्याकाळी ते धक्क्यावर आले ते पांढऱ्या कोटात, आणि कोटावर एक कोरडं जाकीट चढवून. मी प्रवाशांना चढवायला नेहमी जायची, तशी गेले होते. निम्मी माणसं बोटीवर, निम्मी फळीवर, नवे कपडे, फराळाचे डबे. काका धक्क्याच्या पायरीवर उभे राहिले आणि शुद्ध मराठीत, शाळेत कविता म्हणावी तसे म्हणाले, "ही जाकिटं मी भरली आहेत. चूक माझी आहे. पाण्यात ही तुम्हाला वर धरणार नाहीत. बघा आणि मग चढा."

एका खलाशाकडून त्यांनी कमरेला दोर बांधून घेतला आणि पायऱ्या उतरू लागले.

धक्क्याचं ते पाणी तुम्ही पाहिलं आहे का? काळं, वर डिझेलचा तवंग, कलिंगडाच्या साली, मेलेले मासे, आणखी काय काय. मी वरूनच नाकाला पदर लावला होता. दुसऱ्याच्या कपातून चहा न पिणारा तो माणूस त्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरला आणि हात पसरून नुसता पडून राहिला.

सुरुवातीला जाकीट तरंगलं. लोक हसले. "मस्त चाललंय बटलर!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. वरून मालक ओरडला, "काय नाटक लावलंय!" काका हलले नाहीत. मग खांदे गेले, हनुवटी गेली. काळं पाणी ओठांवर आलं, तोंडात गेलं. त्यांना पोहता येत होतं, पण त्यांनी हात मारला नाही. डोकं दिसेनासं झालं तेव्हा मी किंचाळले आणि खलाशाने दोर ओढला.

पायऱ्यांवर ते बराच वेळ ओकत होते. कोट काळा झाला होता. ते वर आले तसं गालावर पुरळ उठलेल्या मुलीची आई, तीही त्या दिवशी परत आली होती, मुलीला मागे ओढून म्हणाली, "शी!" मग मात्र ती मुलीला घेऊन निघून गेली, तेवढं श्रेय तिच्या पदरी घालते.

निम्मीशिम्मी माणसं उतरली. बाकीची? एक गृहस्थ म्हणाले, "आपण काय जाकीट घालायला चाललोय? बोट तर चांगली आहे ना?" आणि एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे लोक उतरले, तर आता खिडकीची केबिन मिळेल का हो?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोट गेली आणि सोमवारी सकाळी सुखरूप परत आली. काही झालं नाही. त्या हंगामात कधीच काही झालं नाही, पुढे ती भंगारात गेली असं ऐकलं. मालक हा किस्सा हसत हसत सांगायचा. काकांना त्याने त्याच संध्याकाळी काढलं होतं. मी फोनवर प्रत्येकाला जाकिटांचं सांगत राहिले, तेव्हा माझीही रवानगी झाली. चाळीतही लोक हसले. उगाच गटारात उडी मारली, म्हणाले. माणसं वाचली ती बोट बुडाली नाही म्हणून, यात काकांचं काय, असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाची मला अजून चीड येते.

काका पुढे मालाडच्या एका खाणावळीत लागले. भेटले की बोलायचे, पण खुर्ची झटकायचं बंद झालं होतं. मिळेल त्या बाकावर बसायचे, मिळेल त्या कपातून प्यायचे. मला ते बघवत नसे. एकदा मीच माझ्या रुमालाने बाक पुसून दिला, तर म्हणाले, "ऱ्हवांदे गो. नाकान माझो घात केल्यान." मी म्हटलं, "काका, उतरलेल्या माणसांची पोरं आज आपापल्या घरी झोपली असतील." त्यांनी कप जवळ ओढला आणि चहा पूर्ण संपवला.

ते गेल्याचं कळलं तेव्हा माझं लग्न होऊन मी मुलुंडला आले होते. भेटायला गेले. खोली नेहमीसारखी लख्ख होती, भांडी आरशासारखी, चादरीला एक सुरकुती नाही. फक्त खिडकीजवळच्या खुंटीवर धक्क्यावरच्या संध्याकाळचं ते जाकीट लोंबत होतं, काळं, कडक, तेलाचे डाग पडलेलं.

"कित्येकदा सांगितलंय," काकू म्हणाल्या. "धुवक दिल्यानी नाय."

मी उठून जवळ गेले आणि त्यांच्यासारखीच वाकले. डिझेल, मासे, कुजकं पाणी. वास अजून येत होता. मी नाकाला पदर लावला नाही.