पहिलं दूध कुणी पाजायचं?

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात चहा गरम कधी प्यायलाच मिळत नाही. कप हातात घेतला की एखादी सिस्टर म्हणते, "काल काय झालं माहितीय का?" आणि चहा गार! पंधरा-सोळाच्या पोरी येत राहतात, किस्से साचत राहतात.

माकणीकडची एक सासू. सुनेला बाळ झालं, मी पाजायला बसवलं, तर हिनं पहिला पिवळा चीक पिळून सांडूनच टाकला. "नासका असतोय!"

मी म्हणलं, "मावशी, म्हशीच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटता की! मग सुनेचाच नासका कसा?"

"म्हैस जाणती असती, सिस्टर. ही लेकरू हाय अजून!"

*

नळदुर्गचा एक ट्रकवाला. सोळा वर्षांची बायको "मला दूधच येईना" म्हणून रडायली, तर हा पठ्ठ्या मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन हजर!

"डब्यावरचं बाळ बघा की, कसलं गुटगुटीत हाय!"

आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आन् त्याची आई किती वर्षांची हाय रे?"

त्यानं खरंच डबा फिरवून बघितला.

*

एकीच्या खाटेभोवती सासरे, दीर, मामेसासरे, सगळे बाप्ये. बाळ रडायलंय आणि ही पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी म्हणलं, "जरा बाहेर थांबा, पाजू द्या तिला."

सासरे जागचे हलले नाहीत. वर कौतुकानं म्हणाले, "लई लाजती. चांगल्या घरची हाय!"

बाळ रडून रडून उपाशीच झोपलं. तेही चांगल्या घरचं!

*

एक पोरगी नुसत्या चहावर. सासूला विचारलं, तर म्हणे, "खाल्लं की बाळंतिणीचं पोट सुटतंय."

"आन् बाळाचं पोट?"

"त्याला हिचं दूध हाय की!"

*

आणि ही लोहाऱ्याकडची. दहावीतून उठवून लग्न लावलेली. बाळाला छातीशी धरायलाच तयार नाही. सासू ओरडून दमली, मी समजावून दमले. शेवटी तिच्या आईला आत बोलावलं. बाई जेमतेम तिशीची, कडेवर स्वतःचं अंगावर पिणारं पोर.

आई दिसताच पोरीनं आपलं बाळ तिच्यापुढं केलं. "आई, तू बंड्याला पाजतीसच की! ह्याला बी पाज. मला न्हाय जमत."

मला वाटलं, आता आई हिला झापणार. बाईनं बंड्याला माझ्या हातात दिलं, खाटेवर बसली, नातवाला पदराखाली घेतलं. तो चुटूचुटू पिऊ लागला.

मी म्हणलं, "अहो ताई, हिला शिकू द्या की!"

मान वर न करता ती म्हणाली, "हिला बी माझ्या आईनंच पाजलं, सिस्टर."