तांदळे सरांचे पाच तास

तांदळे सर माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही माझे त्रास कमी केले."

निदान मला तसं ऐकू आलं. मी म्हणालो, "अहो, आभार कसले मानता? तब्येत आधी."

त्यांनी मान हलवली. पुन्हा तेच म्हणाले. मी पुन्हा हसलो. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, 'त्रास नाही. तास.'

मी तेव्हा आष्टी तालुक्यातल्या एका कॉलेजात प्राचार्य होतो. कैलास तांदळे आमच्याकडे सीएचबीवर भूगोल शिकवायचे. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस. वर्गावर जितके तास घेतले, तितक्याच तासांचं मानधन. पगारी रजा नाही. दरवर्षी नवी मुलाखत, नवी ऑर्डर.

आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जिभेवरची जखम दाखवायला ते नगरला गेले आणि कॅन्सर निघाला. जिभेचा एक भाग काढला, मग रेडिएशन. स्टाफरूममध्ये जो तो विचारायचा, "सर, गुटखा खायचा का?" या माणसानं कधी सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

जूनमध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला. आम्ही घेतलं. सोबत डॉक्टरांचा दाखला होता. पहिली ओळ, कामावर रुजू होण्यास योग्य. दुसरी ओळ, जास्त बोलणे टाळावे. शिकवणाऱ्या माणसानं न बोलता काय करायचं, हे मला काही उमगलं नाही.

त्यातच दोन मुलं आली. सरांचं बोलणं समजत नाही म्हणाली. मग मी माझ्या समजुतीनं मार्ग काढला. त्यांचे आठवड्याचे नऊ तास होते, ते चार केले. उरलेले पाच नव्यानं आलेल्या गर्जे मॅडमना दिले. आपण माणुसकी दाखवली, असं मला मनापासून वाटत होतं.

आता ते माझ्यासमोर बसले होते. दर दोन वाक्यांनी बाटलीतलं पाणी पीत होते, कारण रेडिएशननं तोंड कोरडं पडतं.

"आजारपणात सहा महिने एक रुपया आला न्हाई," ते हळूहळू म्हणाले. "बायको दुसऱ्याच्या रानात कांदा काढायला जाते. नगरला तपासणीला जायचं म्हटलं तरी भाडं लागतं. मी बरा झालो, सर. मग माझे तास कावून काढले?"

मी म्हणालो, "पण मुलं म्हणतात..."

"एकदा वर्गात बसून बघा."

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पहिली काही मिनिटं शब्दच लागेनात. 'स' कुठला, 'त' कुठला, काहीच कळेना. मात्र फळ्यावर त्यांनी बालाघाटचा डोंगर असा काढला होता, की धारूरच्या बाजूचा उतार बोट लावून दाखवता यावा. तास संपेपर्यंत निम्मं समजलं. बाहेर पडताना एका मुलीला विचारलं.

"समजतं ना सरांचं?"

"आमाला समजतंय, सर. पुढं बसावं लागतं. मागच्यांना न्हाई समजत."

म्हणजे तक्रार करणारी मुलंही खोटं बोलत नव्हती. मी आणखीच गोंधळलो.

तास परत द्यायचे तर गर्जे मॅडमचे काढावे लागणार. त्या कडा गावातल्या खासगी क्लासमधली नोकरी सोडून आल्या होत्या. मी तांदळे सरांना तसं सांगितलं.

"त्यांचे काढू नका," ते म्हणाले. "त्यांनी काय केलंय?"

चार दिवस मी वर्कलोडचे, म्हणजे कुणाकडे किती तास याचे, तक्ते उलटसुलट करत राहिलो. शेवटी लक्षात आलं, की भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला आम्ही सोयीसाठी दोन बॅचेस एकत्र बसवत होतो. नियमानं त्या वेगळ्या हव्यात. प्रात्यक्षिकात शिक्षक टेबलाजवळ उभा राहून नकाशा दाखवतो. मुलं हाताच्या अंतरावर असतात. मागचा बाक नसतो.

मी संस्थेच्या सचिवांकडे गेलो.

"प्राचार्य, ही बॅच मुलांसाठी फोडताय का त्या माणसासाठी?"

"दोघांसाठी," मी म्हणालो. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं.

"मग इतकी वर्षं एकत्र कावून होती?"

"माझी चूक."

त्यांनी सही केली. तांदळे सरांना चार तास वाढवून मिळाले. एकूण आठ झाले, नववा काही जमला नाही. ऑर्डर हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि प्रात्यक्षिकाला गेले.

मागच्या बाकांवरच्या मुलांचं मी काय करायला हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र शिकलो, की कुणाला विश्रांती द्यायची असेल, तर त्या विश्रांतीचे पैसे कुणाच्या खिशातून जातात ते आधी विचारावं. आणि त्यालाच विचारावं, डॉक्टरच्या दाखल्याला नाही.