नलूताईंची वाटी आणि वहिनींची कोथिंबीर

नलूताईंचे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. त्या शाकाहारी पाककृतींची पुस्तकं लिहितात, त्यातली चित्रंही स्वतःच काढतात. मी इथे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरममध्ये त्यांच्या समोरच राहते आणि त्यांच्या वह्या टाइप करून देते. दहा वर्षं कुणाच्या ओट्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसलं की किस्से आपोआप साठतात. मी फक्त कान उघडे ठेवले.

*

नलूताईंचा नियम एकच. समोर दिसेल तेच काढायचं, मनातलं काही घालायचं नाही. त्यामुळे त्यांच्याकडे पदार्थ आधी कागदावर जातो, मग ताटात. त्यांचे यजमान अप्पा जन्मभर गार थालीपीठ खात आलेत.

एका दिवाळीत अप्पांना राहवलं नाही. नलूताई ब्रश धुवायला गेल्या, तेवढ्यात त्यांनी करंजीचा एक घास घेतला आणि उरलेली पुन्हा ताटलीत ठेवून दिली. नलूताई आल्या, करंजीकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि चित्र पूर्ण केलं.

दुसऱ्या पुस्तकात ती करंजी तशीच आहे, अप्पांच्या दातांच्या खुणांसकट. पाहुणे आले की अप्पा स्वतः ते पान उघडतात. "या पुस्तकात माझं एवढंच योगदान," म्हणतात.

*

भरल्या वांग्यांच्या चित्रासाठी चार वांगी हवी होती. नलूताईंनी अर्धा तास अख्खा ठेला उलटापालटा केला. एकाचा देठ वाकडा, दुसऱ्याला चकाकीच नाही.

शेवटी भाजीवाल्यानं हात जोडले. "आंटीजी, सब्ज़ी बनानी है कि रिश्ता करना है?"

"चेहरा तो देखना पड़ेगा ना, भैया," नलूताई म्हणाल्या.

आता तो त्यांच्यासाठी देखणी वांगी वेगळी काढून ठेवतो.

*

'एक कप' या मापावर नलूताईंचा विश्वास नाही. "कप कुणाचा?" हा त्यांचा प्रश्न. म्हणून पहिल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या वाटीचं आणि चमच्याचं हुबेहूब मापाचं वेगवेगळं चित्र काढलं. खाली सूचना: तुमची वाटी या चित्रावर ठेवून बघा, जुळली तरच वापरा.

पुस्तक निघालं आणि आठवड्याभरात दाल बाज़ारातून एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमच्या सगळ्याच भाज्या इतक्या खारट का हो?" मग दुसरा फोन, तिसरा फोन. तक्रार तीच.

नलूताई पर्समध्ये वाटी घालून थेट छापखान्यात गेल्या. वाटी पानावर ठेवली, तर तिच्याखाली चित्र सगळं झाकून गेलं. छापणारा म्हणाला, "दीदी, पेज में नहीं आ रही थी, तो थोड़ी छोटी कर दी." चमचा मात्र दुसऱ्या पानावर होता, तो मापात राहिला होता.

"अहो, मग मीठ पण छोटं करायचं ना!" नलूताई ओरडल्या.

तेव्हापासून प्रत्येक प्रूफ वाटी ठेवून तपासलं जातं. ते काम माझ्याकडे आहे.

*

आता वहिनींची गोष्ट. वहिनी म्हणजे नलूताईंच्या थोरल्या जाऊबाई, किला गेटला राहतात. त्यांची चिंच-गुळाची आमटी सगळ्या नात्यात प्रसिद्ध. सध्या चाललेलं पुस्तक शेवटचं, असं नलूताईंनी ठरवलेलं, आणि त्यात ही आमटी हवीच होती. वहिनी हल्ली माणसांची नावं विसरायला लागल्यात. आमटी त्यांच्याबरोबरच जाईल, ही भीती नलूताईंनी मला बोलून दाखवली होती.

वहिनींना माप विचारलं की म्हणायच्या, "अंदाजानं गं." म्हणून नलूताई त्यांच्या ओट्याजवळ बसून एकेक पायरी काढत गेल्या. आठ चित्रं झाली. घरी येऊन तश्शी आमटी केली. ती चव नाही. तीनदा केली, तीनदा नाही. नलूताई त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

शेवटी आम्ही दोघी चित्रं घेऊन पुन्हा किला गेटला गेलो. आमटी गॅसवर होतीच. वहिनींनी चष्मा लावून एकेक चित्र पाहिलं. पाचव्या आणि सहाव्या चित्रांच्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे मी तुला गच्चीवर पाठवलं होतं. कोथिंबिरीला."

नलूताईंनी ती दोन चित्रं पुन्हा शेजारी-शेजारी धरली. खरंच की, दर वेळी पाठवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून पाठवत होत्या.

"मग तेव्हा काय घालायचात, वहिनी?"

वहिनी आमटी ढवळत राहिल्या. "नलू, जा बरं, गच्चीवरनं कोथिंबीर खुडून आण."

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि दुखरे गुडघे धरत जिना चढायला लागल्या. अगदी सावकाश चढल्या. वर दार वाजल्याचं ऐकू आल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या.

"टायपिंगवाली ना तू?" त्यांनी फडताळातला डबा काढला. "लिही."