पट्टीवरचे दात

कारखान्यात त्यांना सगळे टिंबराव म्हणत. नकाशे काढायच्या खात्यात नवीन लागले असताना एका बॉयलरसाठी किती बोल्ट मागवायचे, याचा हिशेब त्यांनी स्लाइड रूलवर केला होता. आकडे बिनचूक आले, फक्त दशांशाचं टिंब एक घर सरकलं आणि दहापट बोल्ट येऊन पडले. पुढे कित्येक वर्षं स्टोअरकीपर जेवणाच्या सुट्टीत त्या पोत्यांवर ऐसपैस बसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, “या, बसा. टिंबरावांची गादी आहे.”

चूक तशी त्या अवजाराच्या स्वभावातलीच. स्लाइड रूल दिसायला जाडजूड फुटपट्टीसारखी. मधली पट्टी मागेपुढे सरकते, वरून काचेचा छोटा तुकडा फिरतो आणि त्या काचेवर केसाएवढी रेघ असते. रेघ थांबेल तिथे गुणाकार-भागाकाराचं उत्तर. पण ते उत्तर अठरा की एकशे ऐंशी, हे ती कधीच सांगत नाही. ते माणसाने आपल्या अकलेने ठरवायचं.

टिंबराव म्हणत, ती अक्कल मी लग्न करून घरी आणली. बायको शिवणकाम करायची. समोरच्या माणसाकडे नुसतं बघून किती कापड लागेल ते सांगणारी बाई. संध्याकाळी मशीनवर कापड झाकलं की दोघांचा खेळ चाले. टिंबराव पट्टी सरकवून नुसते आकडे म्हणायचे आणि टिंब तिने द्यायचं. गच्चीवरच्या टाकीत किती बादल्या पाणी मावेल, याचं उत्तर एकदा “एक, आठ, पाच” असं आलं. तिने मान वर न करता सांगितलं, “साडेअठरा बादल्यांत आपल्या एका घराचंही भागत नाही. एकशे पंच्याऐंशी म्हणा.”

कॅल्क्युलेटर आले तशी कारखान्याने सगळ्या पट्ट्या भंगारात काढल्या. टिंबरावांनी त्या घरी आणल्या, मग जुन्या बाजारातून आणखी आणल्या. निवृत्तीनंतर तर तोच धंदा. लाकडी अंगावर हस्तिदंतासारखं पांढरं सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, बसवलेलं असे. ते सौम्य साबणाने पुसायचं, पुसट झालेल्या रेघांत काळी शाई भरून वरची टिपून घ्यायची, सरकपट्टीच्या खाचेत मेण फिरवायचं. बायको म्हणायची, माझ्या पाठीला कधी एवढं मेण लागलं नाही. सेल्युलॉइडला हवा लागते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. कोंडलं तर ते आतून सडतं, त्याची वाफ शेजारच्या पट्टीलाही खाते. म्हणून कपाटाची दारं त्यांनी जाळीची करून घेतली होती. हे बायकोला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नव्हती.

मग त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून इस्पितळातून ते थेट मुलीकडे गेले आणि बरेच महिने तिथेच राहिले. सोबत गेलेली बायको तेवढ्यात घराला रंग देऊन घ्यायला परत आली. चुन्याची धूळ बसू नये म्हणून तिने एकेक पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, कडांना चिकटपट्टी लावली आणि सगळ्या पत्र्याच्या पेटीत भरून झाकण दाबून बसवलं. शिवणाऱ्या बाईचं काम, कुठे फट म्हणून नाही. फोनवर तिने कौतुकाने सांगितलं, “तुमच्या पोरींना थंडीवारा लागणार नाही असं निजवलंय.” त्यांना वाटलं, कापडात बांधल्या असतील.

ते घरी आले, तर तिचं डोकं दुखायला लागलेलं. डोक्यात गाठ निघाली, डोळ्यांच्या नसेवर बसलेली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. तपासण्या, रांगा, औषधं यांत पेटीची आठवण कुणाला राहणार? ती उघडेपर्यंत बायकोची नजर पूर्ण गेली होती.

झाकण उचललं आणि घशात जाणारा आंबूस वास आला. सेल्युलॉइड तपकिरी पडून भेगाळलं होतं, काचांच्या धातूच्या चौकटी हिरव्या होऊन चिकटल्या होत्या. पहिल्या पगारातून घेतलेली पट्टी हातात उचलली, तर तिचं पांढरं अंग कपचे होऊन मांडीवर पडलं. शेजारच्या खोलीतून बायकोने विचारलं, “बऱ्या आहेत ना सगळ्या?”

“ठणठणीत आहेत,” टिंबराव म्हणाले.

वाचली होती एकच. इस्पितळात वेळ जावा म्हणून पिशवीत नेलेली. एका दिवंगत सहकाऱ्याच्या बायकोने दिलेली, कोरी करकरीत. संध्याकाळी ते बायकोच्या उशाशी बसून तीच सरकवत. आज अमकी साफ केली, उद्या तमकीची काच बसवतो, असं रोज सांगत. तिला आता काही फार दिवस नव्हते. तेवढे दिवस तिला हे कळू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

एके दुपारी ती म्हणाली, “ती पहिल्या पगाराची पट्टी द्या हो जरा. पोरीने दात उठवलेली. हातात धरावीशी वाटते.”

मुलगी दात येत असताना त्या पट्टीचा कोपरा चावायची. तेव्हा टिंबरावांनी आधी पट्टी पाहिली आणि मग पोरीचं तोंड, यावरून घरात मोठा अबोला झाला होता. ते म्हणाले, कपाटात मागे आहे, उद्या काढतो.

त्या संध्याकाळी ती झोपली असताना त्यांनी स्वयंपाकघरात पाणी गरम केलं. उष्णतेने सेल्युलॉइड मऊ पडतं. कोऱ्या पट्टीचा कोपरा त्यांनी पाण्यात धरला, मग डोळे मिटून त्यावर दात रोवले. आयुष्यभर ज्या माणसाने पट्टीवर नखाचा ओरखडा उठू दिला नव्हता, त्याला ते जमायला तीन-चारदा प्रयत्न करावे लागले.

सकाळी तिने पट्टी घेतली. अंगठा कोपऱ्यावर नेला, पुन्हा मागे आणला, पुन्हा नेला.

“अहो, ही तुमची कवळी आहे.”

टिंबरावांनी जीभ कवळीवरून फिरवली.

“पोरीचे चारच दात होते तेव्हा. तांदळाएवढे. आणि हे बघा, कसे ओळीने आलेत, पलटणीसारखे.” तिला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. “मग ती पट्टी कुठे आहे?”

“आहे गं.”

“मी आंधळी आहे, माझं नाक गेलेलं नाही. तुम्ही पेटी उघडलीत तेव्हाच वास आला मला. तुमच्या हातांना अजून येतो. सगळ्याच गेल्या?”

“सगळ्या.”

“मी बांधल्या म्हणून?”

त्यांनी हवेचं सगळं सांगितलं, सांगायचं राहून गेलं तेही. दोष माझाच, म्हणाले.

“मी रोज वाट बघत होते, आज तरी बोलाल,” ती म्हणाली. “म्हणून पट्टी मागितली. चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही रोज मला नवीन नवीन खोटं सांगत बसलात, आणि मी ऐकत बसले. राहिलेले दिवस यातच घालवले आपण. आणि एक चांगली होती, तीही चावून ठेवलीत.”

पट्टी मात्र तिने परत केली नाही. मग तिच्या सांगण्यावरून ते एकेक गेलेली पट्टी सांगत गेले, कुठून आणली, कशी दुरुस्त केली, तिची आता काय दशा आहे. ती काही ऐकताना रडली, काहींना नुसतं “हं” म्हणाली. शेवटच्या काहींपर्यंत पोचण्याआधी तिला ग्लानी आली. दुसऱ्या दिवशीपासून तिचं बोलणं तुटलं आणि ती यादी अर्धीच राहिली.

ती गेल्यावर मुलीने घर विकायचं ठरवलं. त्याआधी रंग पुन्हा द्यायचा होता आणि रंगाऱ्याने किती डबे लागतील ते विचारलं. टिंबरावांनी भिंती मोजल्या, दात उमटलेली पट्टी काढली, रेघ जुळवली.

“एक, दोन, पाच,” ते मोठ्याने म्हणाले.

टिंब कुठे द्यायचं, हे त्यांना कळत होतं. कुणालाही कळलं असतं. तरी तिच्या रिकाम्या खाटेकडे बघत ते तसेच उभे राहिले, आणि रंगारी दारात ताटकळत राहिला.