लिंबू पिळलं तेव्हा

हळदीच्या डागाला साबण लागून तो लाल झाला, की मला पांडेसऱ्यातली आमची गल्ली आठवते. तेव्हाही शेजारच्या मुली संध्याकाळी ओट्यावर बसून मला विज्ञानाच्या गृहपाठाची उत्तरं विचारायच्या. एकदा समोरच्या लग्नघरात आरडाओरडा झाला म्हणून आम्ही धावलो. नवरीची हळदीची साडी कुणीतरी साबणाने धुतली होती आणि पिवळे डाग रक्तासारखे लाल झाले होते. "हाऊ अपशकुन शे!" म्हणत नवऱ्याची आत्या सोयरीक मोडायला निघाली होती, नवरी कोपऱ्यात रडत होती. "दीदी, हे तर आपल्या गृहपाठातलंच!" एक मुलगी ओरडली. मी लिंबू कापलं आणि सगळ्यांसमोर डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा झाला. "एवढी शहाणी! तुनासंगे कोण लगीन करी?" आत्या कडाडली. "लिंबाला न घाबरणारा," मी म्हटलं. लग्न लागलं. पुढे त्या आत्याने माझं एक स्थळ मोडलं म्हणतात, मोडो. आजही इथल्या मुली माझ्या ओट्यावर येऊन, हळद साबणाने लाल का होते, हा गृहपाठातला प्रश्न विचारतात, आणि मी सांगते, घरातल्या सगळ्या मोठ्या बायकांना बोलावून आणा, त्यांच्यासमोरच उत्तर देते.