स्वरलिपीच्या वर्गात आई

वडील लखनौच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. मी सहावीत गेले तेव्हा त्यांनी मला हज़रतगंजमागच्या एका गाण्याच्या वर्गात घातलं. मुलीला चार गोष्टी याव्यात, एवढाच विचार. माझ्या गळ्यात सूर नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही.

आई मला सायकलरिक्षाने घेऊन जायची आणि व्हरांड्यातल्या बाकावर स्वेटर विणत बसायची. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मास्टरजी दारात आले. "बहनजी, इतनी ठंड में बाहर क्यों बैठी हैं? अंदर आइए."

आई आत येऊन मागच्या भिंतीशी बसली. मास्टरजी फळ्यावर स्वरलिपी शिकवत होते. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. खालच्या सप्तकाचा स्वर असेल तर खाली टिंब, वरच्याचा असेल तर वर. सा आणि प यांना कधीच रेघ नाही, ते हलत नाहीत. मी हे सगळं घोकून पाठ केलं. आईने ते ऐकलं आणि तिला ते कळलं.

पुढे भैरव सुरू झाला. माझा कोमल रिषभ दरवेळी शुद्धाकडे घसरायचा. मास्टरजी वैतागून म्हणाले, "बहनजी, आप लगाइए ज़रा." आईने मान खाली घालून तो लावला. वर्गातल्या मुली वळून बघायला लागल्या. मास्टरजींनी हार्मोनियमचा भाता थांबवला आणि तिला पुन्हा गायला लावलं.

त्या दिवसापासून ती शिकायलाच येऊ लागली. वर्षभरात माझ्या कितीतरी पुढे गेली. भाजी चिरताना तीनताल मोजायची, मधेच थांबून मला विचारायची, "खालीच्या मात्रेला टाळी नाही, मग हात कसा दाखवायचा गं?" मी म्हणायची, "ऐसे," आणि हात हवेत फिरवायची. ती हसायची. एवढी हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस मास्टरजींनी तिला नवशिक्या मुलींचा वर्ग घ्यायला सांगितलं. रात्री जेवताना आईने ते वडिलांना सांगितलं. सांगताना तिचा चेहरा लाल झाला होता.

"अच्छा," वडील म्हणाले. वरण वाढून घेतलं. "पण गाणं हिच्यासाठी लावलंय ना? आणि संस्थेत कुणी विचारलं तर काय सांगू? बायको गाण्याच्या शिकवण्या घेते म्हणून?"

आई भात आणायला उठली. पुढच्या आठवड्यात वडिलांनी माझ्यासाठी एक ओळखीचा रिक्षावाला ठरवला. "तुला उगाच कशाला हेलपाटा," ते तिला म्हणाले. आवाज अगदी मऊ. ओरडले असते तर निदान भांडता आलं असतं.

"माताजी नहीं आईं?" मास्टरजी विचारायचे. "घर पर काम है," मी आईने शिकवलेलं उत्तर द्यायची. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मी मात्र जात राहिले. लेखी परीक्षांत भरपूर गुण मिळवत राहिले, कारण आई घरी बसून माझ्या स्वरलिपीतल्या चुका काढायची. गाऊन दाखव म्हटलं तर उठून स्वयंपाकघरात जायची. माझी प्रमाणपत्रं दिवाणखान्यात लागली.

वडील निवृत्त झाले तेव्हा संस्थेतली मंडळी घरी जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर वडील कौतुकाने म्हणाले, "अगं, म्हण की काहीतरी. आमच्या हिचा सूर फार पक्का बरं का."

"माझा आवाज गेला आता," आई म्हणाली.

"रियाज ठेवायला हवा होतास."

पाहुणे गेल्यावर मी वडिलांवर तुटून पडले. तिचं गाणं तुम्हीच बंद केलंत, म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. खरोखरच चकित झाले होते.

"मी? मी कधी नको म्हटलं तिला?"

मी खूप आठवून पाहिलं. तसं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. आई शेजारीच उरलेली बासुंदी चाळणीने झाकून ठेवत होती, आणि तीही म्हणाली, "जाऊ दे गं, ह्यांनी नाही म्हटलं कधी."